नाका आणि नाला

सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये राहणाऱ्या कोणा ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या जातभाईंच्या उपयोगासाठी एक लहानसे प्रवासटिपण लिहून ठेवले. त्याचे नाव 'पेरिप्लस'. लेखकाचे नाव कोणालाच ठाऊक नाही. त्या टिपणात आपले कल्याण येते, आणि ते कसे येते हे पाहण्यासारखे आहे. गावचे देऊळ, राजवाडा, खाडीची शोभा यांतले त्यात काही नाही. थोरल्या सारगनाच्या काळी हे कायदेशीर व्यापाराचे बंदर होते. पुढे सत्ता बदलली, सांदनेस नावाच्या कोणाच्या हाती गाव गेले, आणि तेव्हापासून इथे येणाऱ्या ग्रीक जहाजांची अडवणूक होऊ लागली. चुकून एखादे शिरलेच तर त्याला पहाऱ्यात भडोचकडे नेण्यात येई, एवढी हकीकत तो देतो. सारगन म्हणजे सातकर्णी असे विद्वान म्हणतात. सांदनेस कोण, याविषयी त्यांचे अजून एकमत नाही. आणि ते व्हावे म्हणून आपण आज इथे जमलेलो नाही.

मला या नोंदीत निराळीच गोष्ट दिसते. कल्याणचे नाव परदेशी कागदावर चढले ते सरकारी तपासणीच्या निमित्ताने चढले. माल आला, तो कोणाचा, कुठल्या बंदरात उतरायचा, त्यावरचे उत्पन्न कोणाच्या तिजोरीत जायचे, हे ठरवणारा माणूस खाडीच्या तोंडाशी उभा होता. तो दक्षही असला पाहिजे. एरवी जहाज अडवून पार भडोचला पोचवण्याचा खटाटोप कोण करील? कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची जी नावे कोरलेली आहेत त्यांत कल्याणचे व्यापारी आणि कारागीर आहेत. त्यांच्या दानाआधी त्यांचा कर भरून झालेला असणार, अशी माझी आपली समजूत आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि १८६४ साली सुरू झालेल्या आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात. म्हणून राजघराण्यांची वंशावळ माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. पस्तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करताना मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा पडत आला: सरकार काय मोजते, आणि काय मोजत नाही? त्या प्रश्नाचा कल्याणपुरता इतिहास सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

शिवाजीमहाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली, खाडीवर आरमाराचा आरंभ झाला, हे सर्वांना माहीत आहे. पुढे मराठे, मग १७८० मध्ये इंग्रज. राजे बदलले तरी बंदरावरची चौकी तशीच राहिली. ती चौकी खऱ्या अर्थाने उठवली आगगाडीने. मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली १६ एप्रिल १८५३ रोजी. १ मे १८५४ ला ती कल्याणला आली. गलबतातून येणारा माल हळूहळू डब्यातून येऊ लागला. आणि गाडी आल्यानंतरच्याच वर्षी, १८५५ मध्ये, १८५० च्या सव्विसाव्या कायद्याखाली कल्याणला नगरपालिका मिळाली. हा कायदा मोठा चमत्कारिक होता. गावच्या लोकांनी आपण होऊन अर्ज करावा की आम्हांला रस्ते, दिवे, सफाई हवी आहे आणि तिच्यासाठी आम्ही आपल्यावर कर बसवून घ्यायला तयार आहोत. मग सरकारने परवानगी द्यावी! कोणत्या गावाने हा अर्ज किती आनंदाने केला असेल याची कल्पना श्रोत्यांनी करावी. घरपट्टी कोणाला आवडत नाही. तेव्हा उरला एकच मार्ग, जो देणाऱ्याला दिसत नाही असा: गावात येणाऱ्या मालावरचा कर. बंदरावरची चौकी उठली होती, ती गावाच्या वेशीवर जकात नाका होऊन पुन्हा बसली.

जकातीविषयी आज चांगले बोलणारा मनुष्य शोधून सापडणार नाही, म्हणून तिची कार्यपद्धती थोडी तपशिलाने सांगतो. शहराच्या प्रत्येक रस्त्यावर, हद्दीच्या तोंडाशी, एक नाका. तिथे आडवा बांबू किंवा लोखंडी दांडा, पत्र्याची शेड, एक टेबल, दरपत्रकाचे मळलेले पुस्तक. मालाचे बिल दाखवा, काही जिनसांवर वजनाने, काहींवर किमतीच्या टक्क्याने जकात भरा, पावती घ्या, आत जा. आता एखाद्या गाडीला शहरात माल उतरवायचाच नसेल, नुसते एका रस्त्याने शिरून दुसऱ्याने बाहेर पडायचे असेल, तर? तिला पारगमनाचा पास मिळे. पहिल्या नाक्यावर तो फाडून द्यायचा, गाडीचा नंबर आणि वेळ घालायची. शेवटच्या नाक्यावर तो परत घ्यायचा. दोन्ही नाक्यांचे कागद जुळले पाहिजेत. गाडी आत शिरली आणि ठरल्या वेळात बाहेर पडली नाही, तर माल शहरातच मुरला असे धरून तिचा शोध व्हायचा. निदान व्हायला हवा होता.

अठरा-एकोणीस वर्षांचा असताना मी काही महिने ट्रकवर हमाल म्हणून हिंडलो आहे. एका नाक्यावर रात्रपाळीला एक वयस्क कारकून असत. आम्ही त्यांना काका म्हणत असू. ते ट्रककडे पाहत आणि बिल हातात घ्यायच्या आधी सांगत, "अरे, बिलात कापड लिहिलंय, पण कमानपाटे तर लोखंडासारखे बसलेत." मी एकदा विचारले, "काका, तुम्हांला आतलं दिसतं का?" ते म्हणाले, "आतलं बघायला पगार मिळत नाही. टायर बघायचा." त्या माणसाने मला जे शिकवले ते पुढे कित्येक वर्षे उपयोगी पडले. दांडा वर करायला काही नाक्यांवर कोण किती घेत असे, हेही मी तिथेच पाहिले. काही महापालिकांनी तर वसुलीच ठेकेदाराला देऊन टाकली होती. मग कारकुनाऐवजी ठेकेदाराची माणसे दंडुके घेऊन उभी राहू लागली. जकात गेली याचे मला दुःख आहे असा समज कोणी करून घेऊ नये. रात्र रात्र रांगेत इंजिन बंद करून बसलेला ड्रायव्हर मी पाहिला आहे.

जकात टप्प्याटप्प्याने गेली. नगरपालिकांतून ती आधीच, १९९९ मध्ये, उठली होती. महापालिकांत तिच्या जागी स्थानिक संस्था कर आणण्यात आला, ज्याला व्यापारी इंग्रजी आद्याक्षरांनी एल.बी.टी. म्हणत आणि ज्याच्याविरुद्ध २०१३ च्या उन्हाळ्यात त्यांनी दुकानांची फळकुटे ओढून घेतली होती. त्या वर्षी मुंबई सोडून बाकी सर्व महापालिकांची जकात संपलेली होती. २०१५ च्या ऑगस्टपासून बहुतेक व्यापाऱ्यांना स्थानिक संस्था करही माफ झाला. आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुंबईचे नाकेही उठले. त्यानंतर महापालिकांना राज्याच्या तिजोरीतून दरमहा भरपाई मिळू लागली. म्हणजे १८५५ पासून गावाच्या वेशीवर जे एक सरकारी टेबल होते, ते दीडशेहून अधिक वर्षांनी उचलले गेले.

हे झाले नाक्याचे. आता नाल्याकडे येतो.

ठाकुर्लीजवळ चोळेगावचे वीजघर आपल्यापैकी वयस्कांनी चालू स्थितीत पाहिले आहे. जी.आय.पी. रेल्वेने ते १९२९ मध्ये उभारले. त्याच वर्षी कल्याण-पुणे आणि पुढच्या वर्षी कल्याण-इगतपुरी या मार्गांवर विजेची गाडी धावू लागली. घाटातून डबे वर ओढायचे तर भरवशाची वीज हवी, म्हणून रेल्वेने आपलेच घर बांधले. कोळसा यायचा तो वॅगनमध्ये मोजून. वीज जायची ती मीटरवर मोजून. फक्त एकच गोष्ट कोणी मोजत नव्हते: राख. ती आसपासच्या घरांच्या वाळवणावर पडे. १९८० नंतरच्या दशकात ते वीजघर बंद झाले, आणि त्याच्या चिमणीने साठ वर्षांत आजूबाजूला काय सोडले याचा हिशोब त्याच्याबरोबरच बंद झाला.

ही एकट्या रेल्वेची चूक नव्हे. साऱ्या सार्वजनिक सेवांची घडणच तशी झाली. ग्राहकाला किती दिले ते मोजायचे, कारण त्यावर बिल निघते. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये झाले तेव्हा दर ठरवणारे, वीज देणारे आणि तक्रार ऐकणारे सर्व एकाच छपराखाली होते. त्यांची फारकत व्हायला १९९९ साल उजाडले; त्या वर्षी वीज नियामक आयोग स्थापन झाला. तेव्हापासून दरवाढ करायची तर आयोगापुढे अर्ज, त्यावर हरकती, जाहीर सुनावणी. मी अशा एका सुनावणीला गेलो आहे. एका निवृत्त गृहस्थांनी गळतीच्या आकड्यांवर असे काही प्रश्न विचारले की वीज कंपनीचे अधिकारी चष्मे पुसू लागले. युनिटमागे काही पैशांसाठी जनतेला विचारले जाते ही चांगली गोष्ट आहे. परंतु तुमच्या घराच्या भिंतीपलीकडे कोणत्या रसायनाची किती पिंपे ठेवायची, हे ठरवताना सुनावणी होते का? पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणीची अट १९९७ मध्ये आली खरी; पण २००६ च्या अधिसूचनेने मंजूर औद्योगिक वसाहतींच्या आतले कारखाने तिच्यातून वगळले. डोंबिवलीसारख्या ठिकाणी, जिथे वसाहतीच्या कुंपणाला लागूनच बिऱ्हाडे आहेत, तिथे ही वगळणी काय अर्थाची आहे हे मी डोंबिवलीकर श्रोत्यांना सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले, आणि अंबरनाथ, डोंबिवली या पहिल्या वसाहतींपैकी होत. बारवी धरणाचे पाणी, रस्ते, भूखंड, गटारे सर्व महामंडळाचे. कारखाने आले, नोकऱ्या आल्या. मोहने, शहाड, अंबरनाथ, डोंबिवली या पट्ट्यात ज्यांचे संसार उभे राहिले त्यांत माझाही एक आहे. तेव्हा कारखान्यांना शिव्या देणे हा माझा उद्योग नव्हे. पण भूगोल लक्षात घ्या. उल्हास नदी वरून येते, तिच्यातून आपण पिण्याचे पाणी उचलतो. वालधुनी अंबरनाथहून उल्हासनगरातून कल्याणकडे येते. आणि कारखान्यांचे, शहरांचे सांडपाणी याच पात्रांत उतरते. पाणी देणारी आणि घाण नेणारी यंत्रणा पुष्कळदा एकच. नळाला मीटर आहे, नाल्याला नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. किंबहुना महाराष्ट्र या बाबतीत पुढे होता. साऱ्या देशाचा जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा. महाराष्ट्राने आपला कायदा १९६९ मध्येच केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापले. तरीही १९८२ साली दिल्लीच्या एका संस्थेने देशाच्या पर्यावरणाविषयी नागरिकांचा पहिला अहवाल काढला, तेव्हा त्यात आपल्या अंबिवलीजवळच्या काळू नदीतल्या पाऱ्याची कथा होती. मुंबईच्या रसायनशास्त्रज्ञांनी पाणी तपासले होते. नदीकाठची गुरे, त्यांचा चारा, त्यांचे दूध, अशी ती साखळी होती. मंडळ होऊन तोवर बारा वर्षे झाली होती.

या काळातला एक कायदा फारसा कोणाच्या लक्षात राहिलेला नाही. मला मात्र तो फार महत्त्वाचा वाटतो. १९७७ साली केंद्राने पाण्यावर एक उपकर बसवला. कारखान्याने आणि नगरपालिकेनेही जेवढे पाणी उचलले, तेवढ्यावर हा उपकर द्यायचा. त्यासाठी कारखान्यात मीटर बसवायचे, आणि ठरावीक मुदतीने पत्रक भरायचे: थंड करण्यासाठी इतके पाणी, घरगुती वापराला इतके, ज्यात पाणी सहज कुजून जाईल अशा घाणीने बिघडते त्या कामाला इतके, आणि ज्यात ते विषारी होते त्या कामाला इतके. दर चढते. ज्याने सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवले त्याला पुढे पंचवीस टक्के सूट होती. पैसा केंद्राच्या तिजोरीत जाई आणि तिथून प्रदूषण मंडळांना वाटा परत येई. रक्कम अगदी किरकोळ असे. पण रक्कम बघू नका, पत्रक बघा. आत किती पाणी गेले हा आकडा एकदा हाती आला की बाहेर किती आले पाहिजे याचा अंदाज कोणीही काढू शकतो. आणि तेवढे शुद्धीकरण केंद्राकडे पोचलेले नसेल, तर ते कुठे गेले हे विचारता येते. काका म्हणत तसे, आतले बघायचे नाही, टायर बघायचा. कर हा इथे तपासणीचा डोळा होता.

हा उपकरही २०१७ मध्ये, वस्तू व सेवा कराच्या वेळी, गेला. अनेक लहान कर एकात विरघळवायचे होते, त्यांत तोही विरघळला. त्याच्यासाठी कोणी दुकान बंद ठेवले नाही, की मोर्चा काढला नाही. आमच्या संघटनेनेही नाही, हे मी कबूल करतो. आम्हांला ते कळलेच उशिरा.

घातक कचऱ्याचा कायदा यायला भोपाळ व्हावे लागले. १९८४ च्या डिसेंबरातली ती रात्र. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ ची कारखाने अधिनियमातली दुरुस्ती, आणि १९८९ चे घातक कचऱ्याचे नियम. योगायोगाने त्याच वर्षी मी एका रंगद्रव्याच्या कारखान्यात बदली कामगार म्हणून लागलो. नाव सांगत नाही. ते कारखान्याचे शेड आज अस्तित्वात नाही. रिॲक्टरच्या तळाला जो गाळ राही तो आम्ही पिंपांत भरत असू. हातात मोजे असत, पण ते एका हाताचे. दुसरा हात शेजारच्याला. रात्री एक टेंपो येई. पिंपे कुठे जातात असे विचारले की मुकादम म्हणे, "खड्डा भरायला." कोणता खड्डा, कुठला, हे मला आजतागायत कळलेले नाही. माझ्याबरोबर पिंपे भरणाऱ्या दोघांच्या हातांची कातडी पुढे कधीच नीट झाली नाही. नियम लागू होऊन तेव्हा काही महिने झाले होते आणि त्या शेडमध्ये त्यांचे नाव कोणी ऐकलेले नव्हते.

नियम हळूहळू सुधारत गेले. २००३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने घातक कचऱ्यावर मोठा निकाल दिला. आपल्या बाजूला तळोज्याला असा कचरा पुरण्याची व जाळण्याची सामाईक सोय त्याच्या थोडी आधी सुरू झाली होती. आणि आली ती रंगीत चिठ्ठी. तिची रचना मी मुद्दाम सांगतो, कारण जिने मला नाक्याची आठवण करून दिली ती हीच. कचरा पाठवणाऱ्याने एकाच मजकुराच्या सहा प्रती करायच्या. पांढरी प्रत प्रदूषण मंडळाला. पिवळी, गाडीवाल्याची सही घेऊन, आपल्यापाशी. बाकीच्या गाडीबरोबर जातात: गुलाबी, कचरा घेणाऱ्याने ठेवायची, नारिंगी, गाडीवाल्याला परत, हिरवी, घेणाऱ्याने मंडळाला पाठवायची, निळी, पाठवणाऱ्याकडे परत. २०१६ च्या नियमांत परराज्यातून आलेल्या कचऱ्यासाठी करड्या रंगाची सातवी प्रत वाढली. पांढरी आणि हिरवी मंडळाच्या टेबलावर एकमेकींना भेटल्या पाहिजेत. पांढरी आली आणि हिरवी आली नाही, तर गाडी वाटेत कुठेतरी हलकी झाली.

पारगमनाचा पास तो दुसरा काय होता?

फरक एवढाच की पारगमनाच्या पासाच्या पाठीशी दांडा होता आणि पैशाची ओढ होती. गाडीतला माल गाडीवाल्याला हवा होता, म्हणून तो पावती मागत असे. कचरा कोणालाच नको आहे. तळोज्याला नेऊन द्यायचा तर टनामागे पैसे भरावे लागतात. रात्री नाल्यात सोडला तर फक्त डिझेल. इथे चिठ्ठीचा कोणाला लोभ नाही. ज्याने नियम मोडायचे ठरवले आहे तो पहिली, पांढरी प्रतच भरत नाही. मग हिरवीची वाट पाहणार कोण? आणि त्याहून हुशार माणूस काय करतो? तो कचऱ्याला माल करतो. वापरलेल्या आम्लाला 'उपउत्पादन' म्हणायचे, कोणा दलालाला नाममात्र किमतीला विकायचे. समजा, बिल एक रुपयाचे आणि गाडीभाडे वीस हजारांचे, तेही विकणाऱ्यानेच भरलेले. कराच्या अधिकाऱ्याने कागद पाहिले तर एका रुपयावरचा कर चोख भरलेला आहे. प्रदूषण मंडळाने पाहिले तर कचरा नाहीच, माल आहे. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर. टँकर मात्र पुढे गेलेला असतो.

२९ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात रसायन ओतले गेले. काठावरच्या वस्तीत माणसे झोपेतून खोकत उठली. डोळ्यांची आग, मळमळ, श्वास घेता येईना. शेकडो लोकांना रुग्णालयांत न्यावे लागले. त्या दिवशी तिथे गेलेल्या आमच्या कार्यकर्त्याने परत आल्यावर एवढेच सांगितले की रिक्षावाल्यांनी भाडे घेतले नाही. त्याआधीच नदीच्या प्रदूषणाविरुद्ध 'वनशक्ती' या संस्थेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली होती. २०१५ च्या जुलैमध्ये पुण्याच्या खंडपीठाने महामंडळ, सांडपाणी केंद्रे आणि महापालिका-नगरपालिकांना मिळून जवळजवळ शंभर कोटी रुपयांचा भुर्दंड ठोठावला. म्हणजे नदी बिघडवल्याबद्दल दंड झालेल्यांत आपण निवडून दिलेल्या संस्थाही होत्या.

आता कोणी म्हणेल, नाके उठले म्हणून हे झाले. हा युक्तिवाद माझ्याही मनात आला होता, आणि काही दिवस मला तो फार आवडलाही. पण तो खरा नाही. नाके चालू असतानाच मी पिंपे भरत होतो. जकातीच्या दरपत्रकात कचऱ्याला दर नव्हता. बाहेर जाणाऱ्या टँकरसाठी तर काकांनी मान वर करण्याचेही कारण नव्हते. पेरिप्लसच्या काळापासून जी चौकी चालत आली तिचा सारा जन्म किंमत असलेल्या वस्तूवर गेला. २०१८ पासून मालाच्या गाडीबरोबर ई-वे बिल चालते, तेही मालाच्या किमतीवर ठरते. किंमत जितकी जास्त तितकी तपासणी कडक. विषाला किंमत नसते, म्हणून ते सर्वांत मोकळे फिरते.

तेव्हा नाक्यावर बसणारा एक दुसरा माणूस हवा होता. तो आपल्याकडे कधी आला, हे सांगितल्याशिवाय कामगाराच्या तोंडचा इतिहास पुरा होत नाही.

तो म्हणजे कारखाना-इन्स्पेक्टर. पहिला कारखाने कायदा १८८१ चा. आणि पुढच्याच वर्षी मीड-किंग नावाचे इंग्लंडातले एक अनुभवी इन्स्पेक्टर मुंबईत येऊन गिरण्या पाहून गेले. त्यांनी पाहिले ते इन्स्पेक्टरच्या डोळ्याने. कामगारांनी स्वतः काय पाहिले ते सांगायला नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. लोखंड्यांचा जन्म ठाण्याचा, १८४८ चा, हे आपल्या जिल्ह्याने विसरू नये. १८८४ च्या सप्टेंबरात परळला सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे गेला: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, आणि यंत्राने जखमी झालेल्याला भरपाई. रविवार मिळायला १८९० चा जून उजाडला. त्या अर्जाचे मोल असे की तपासणीच्या कागदावर तपासल्या जाणाऱ्यांची सही पहिल्यांदाच आली.

तोच धागा जवळपास शंभर वर्षांनी, १९८७ च्या दुरुस्तीत पुन्हा दिसतो. भोपाळनंतर कारखाने अधिनियमात जे नवे प्रकरण आले त्यातले ४१-जी कलम सांगे की घातक प्रक्रियेच्या प्रत्येक कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांची सारख्या संख्येने सुरक्षा समिती असावी. ४१-एच सांगे की जिवाला धोका आहे असे वाटले तर कामगाराने ते व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरला कळवावे. तो त्याचा हक्क आहे. ही दोन कलमे मी फाटकसभांतून इतक्या वेळा वाचून दाखवली की काही कामगार मला मागून 'एकेचाळीस' म्हणत. समित्या कागदावर पुष्कळ होत्या. त्यांच्या वहीवर कामगारांची सही असे. पुष्कळ ठिकाणी ती पगाराच्याच दिवशी, पगाराच्याच रांगेत, घेतलेली असे. आणि कंत्राटी कामगाराला समितीत कोण घेणार? पिंपे तर तोच भरतो.

२६ मे २०१६ रोजी डोंबिवलीत प्रोबेस कारखान्यात स्फोट झाला. बारा माणसे गेली, कित्येक इमारतींच्या काचा उडाल्या. चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल लोकांच्या हाती पडला तो माहितीच्या अधिकारात मागितल्यावर. २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीत अमुदान केमिकल्समध्ये पुन्हा स्फोट, पुन्हा दहाहून अधिक मृत्यू. दोन्ही वेळा मे महिना, दोन्ही वेळा शहराने काचा गोळा केल्या. मधल्या काळात, २०२० च्या फेब्रुवारीत, डोंबिवलीचा एक रस्ता गुलाबी झाला होता आणि तो पाहायला मुख्यमंत्री आले होते. त्याआधी २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला होता. ज्याला रंग येतो तेवढे तरी आपल्याला दिसते.

आता कारखाने अधिनियम राहिलेला नाही. त्याची जागा घेणारी कामगारांच्या सुरक्षिततेची संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. धोका कळवण्याचा कामगाराचा हक्क तिच्यात आहे. इन्स्पेक्टरचे नाव मात्र बदलून 'इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर' झाले आहे. त्याने तपासावे आणि सोयही करून द्यावी. कोणाची सोय, हे येत्या काही वर्षांत कळेल. जकातीच्या नाक्यावर सोय करून देणारे पुष्कळ होते, त्यांचे दर मला ठाऊक होते.

मी गेली काही वर्षे एक लहान काम करतो. टँकर धुणारी, पिंपे चढवणारी, गाळ उपसणारी जी मुले आहेत, बहुतेक कंत्राटी, बहुतेक परगावची, त्यांना पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर सात रंग शिकवतो. पांढरा, पिवळा, गुलाबी, नारिंगी, हिरवा, निळा, करडा. वाचता येत नसले तरी रंग कळतो. गाडी फाटकातून सुटताना ड्रायव्हरच्या हातात कोणते रंग होते, तेवढे लक्षात ठेवायचे. मागच्या महिन्यात त्यांतल्या एका पोराने मला रात्री अकराला फोन केला. म्हणाला, "भाऊ, गाडी भरली. कागद एकच आहे, आणि तो पांढरासुद्धा नाही, झेरॉक्स आहे."

मी त्याला गाडीचा नंबर विचारला. त्याने तो आधीच हातावर लिहून ठेवला होता.